ब्राउझर सारखा उडतोय: पुन्हा टाकू, रिसेट करू, दुसरा घेऊ की रॅम वाढवू?

प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीची मुदत जवळ आली होती आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या मामाचा लॅपटॉप हटून बसला होता. क्रोम उघडायचा, दोन मिनिटं चालायचा, की खिडकीसकट गायब. मामानं तो तीनदा काढून तीनदा टाकला होता. जवळच्या दुकानदारानं बघताक्षणी सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागेल." मामाचं म्हणणं, "एका गळक्या नळासाठी वाडा पाडायचा का?" मामाचा मुद्दा बरोबर होता. फक्त तीनदा काढून टाकण्यातही काही अर्थ नव्हता.

उपाय निवडण्याआधी नेमकं काय कोसळतंय ते बघा. क्रोममध्ये २००८ पासून, म्हणजे तो आला तेव्हापासूनच, टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र, चालतात. फायरफॉक्सनं ही विभागणी २०१६ पासून आणली. त्यामुळे एकच टॅब मरून 'ऑ, स्नॅप!' दिसत असेल, तर दोष बहुधा त्या साइटचा किंवा अपुऱ्या मेमरीचा. अख्खा ब्राउझर उडत असेल तर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), बिघडलेलं प्रोफाइल (तुमच्या सेटिंगचा साठा) किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या भागाला चालवणारा प्रोग्राम) यांच्यावर संशय घ्यायचा. आणि स्क्रीन निळी पडून सगळा कॉम्प्युटरच रिस्टार्ट होत असेल तर ब्राउझरला दोष देणं सोडा.

आता पहिली जोडी: काढून पुन्हा टाकणं आणि रिसेट, म्हणजे सेटिंग मूळ स्थितीत आणणं. बहुतेक जण पहिलं करतात, कारण ते करताना काहीतरी मोठं केल्यासारखं वाटतं. पण बुकमार्क, एक्स्टेन्शन, सेटिंग हे सगळं प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतं, आणि क्रोम काढताना 'ब्राउझिंग डेटाही पुसा' या चौकटीवर टिक केली नाही तर तो फोल्डर जागेवरच राहतो. नवा क्रोम येतो आणि जुनाच आजार उचलतो. फायरफॉक्सचंही तेच. प्रोग्रामच्याच फाइल खराब झाल्या असतील तर पुन्हा टाकण्याचा उपयोग होतो. एरवी इंटरनेट खर्ची पडतं, इतकंच.

रिसेट नेमका त्या आजाराला हात घालतो, मात्र दोन्हीकडे तो वेगळा आहे. क्रोमचा रिसेट एक्स्टेन्शन बंद करतो, पण काढत नाही; कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइल) मात्र पुसतो, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन आलं. फायरफॉक्सचा 'रिफ्रेश' उलटा: एक्स्टेन्शन साफ काढतो, पण कुकी ठेवतो, आणि जुनं प्रोफाइल डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवून देतो. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड दोन्हीकडे शाबूत राहतात. माझं मत विचाराल तर फायरफॉक्सची रीत जास्त सभ्य.

रिसेटच्याही आधी एक फुकटची चाचणी आहे. क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडा. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्स शिफ्ट दाबून धरून उघडला की ट्रबलशूट मोड मिळतो. तिथे सगळं सुरळीत चाललं तर चोर बहुधा एक्स्टेन्शनमध्येच सापडतो. मामाकडे तो निघाला खरेदीची कुपनं शोधून देणाऱ्या एका एक्स्टेन्शनमध्ये. मामा म्हणतो, त्यानं ते कधी टाकलंच नव्हतं. असो.

व्हिडिओ लावला किंवा नकाशा उघडला की लगेच उडतो, असं असेल तर सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. फरक पडला तर ड्रायव्हर अपडेट करा.

दुसरा ब्राउझर घेणं हा मोहाचा पर्याय आहे, पण त्यात एक मेख आहे. एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमसारखेच क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. क्रोम ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे पडत असेल तर एजवर गेल्यानं फार काही बदलेल असं नाही. शनिपारावरची गर्दी चुकवायला लक्ष्मी रोडवर जाण्यासारखं ते आहे. खरंच वेगळं काही करून बघायचं असेल तर फायरफॉक्स, कारण त्याचं इंजिन वेगळं आहे. अजून विंडोज ७ वर असाल तर क्रोम २०२३ च्या सुरुवातीलाच १०९ व्या आवृत्तीवर थांबलाय, आणि फायरफॉक्सची त्यावर चालणारी शेवटची मालिका ११५ ची. अशा मशिनवर ब्राउझर बदलून फक्त दिवस ढकलता येतात.

राहिली रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामाची मेमरी. टिळक रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत चौकशीला जाण्याआधी घरीच टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी बघा. ब्राउझर पडण्याच्या वेळी ती नव्वद टक्क्यांच्या वर चिकटलेली असेल, तरच खर्चाला अर्थ आहे. तिथेच किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डावरच डकवलेली असते, मग वाढवायची सोयच नाही. चार जीबीवरून आठवर गेलात तर फरक जाणवेल; सोळावरून बत्तीसवर जाऊन उडणारा ब्राउझर थांबेल, ही आशा सोडा. मेमरी कमी आहे असं नसून खराब आहे असा संशय असेल, तर विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे, ते रात्री लावून झोपा.

डेस्कटॉपवाल्यांसाठी आणखी एक. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाण्याची पुण्यातली जुनी रीत ठाऊक आहेच. ब्राउझर फाइल लिहीत असताना वीज गेली तर प्रोफाइल बिघडू शकतं. दर गुरुवारनंतर शुक्रवारी ब्राउझर रुसत असेल, तर रॅमचे पैसे आधी यूपीएसवर घाला.

मामानं यातलं काहीच विकत घेतलं नाही. एक्स्टेन्शन काढलं, टॅक्स भरला, आणि एकेचाळीस टॅब मात्र अजून तसेच उघडे आहेत, कारण "सगळे कामाचे आहेत."