जर्मनीचं ‘वर्क परमिट’ व्हॉट्सॲपवर येतं तेव्हा

जर्मनीतल्या नोकरीच्या नावाखाली गंडा घालणाऱ्या एजंटची रीत ठरलेली असते. आधी ऑफर लेटर, बहुधा खऱ्याच कंपनीच्या नावाचं. मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची. मग गरुडाचा शिक्का मारलेलं ‘वर्क परमिट’ पीडीएफमध्ये येतं आणि पाठोपाठ निरोप: परमिट निघालं, उरलेले पैसे भरा. सरकारी दिसणारा कागद हातात पडला की शंका घेणारा माणूसही गप्प बसतो.

वर्क परमिट म्हणून असा सुटा कागद जर्मनीत मिळतच नाही. 2005 पासून कामाची परवानगी व्हिसात किंवा राहण्याच्या परवान्यातच नोंदवली जाते. तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागणार असेल, तर ती एरवी दूतावासच परस्पर मागवतो. अपवाद पूर्वसंमतीचा. जलद प्रक्रियेत कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते, 411 युरो फी भरते, पूर्वसंमती कंपनीलाच मिळते आणि ती उमेदवाराकडे पाठवते. पण त्याआधी उमेदवाराला कंपनीच्या नावे मुखत्यारपत्र द्यावं लागतं. तुम्ही असं काही दिलंच नसेल, तर एजंटनं दाखवलेली जलद प्रक्रियेतली ‘पूर्वसंमती’ निघाली कशावर?

पैशांचंही तसंच. नॅशनल व्हिसाची, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाची, फी 75 युरो, ती अर्ज देताना भरायची. अर्ज खासगी केंद्रातून घेतला जात असेल तर त्या केंद्राचं शुल्क वेगळं. पदवीचं मूल्यांकन लागलं तर त्याचे पैसे थेट मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला जातात. ‘एम्बसी फाइल चार्ज’ आणि ‘परमिट डिपॉझिट’ ही नावं एजंटच्या डोक्यातून निघालेली.

कंपनी खरी आहे एवढ्यावर विसंबू नका, कारण चोरलेलं नावही खऱ्याच कंपनीचं असतं. तिच्या वेबसाइटवर ‘इम्प्रेसुम’ नावाचं, कंपनीचा पत्ता आणि संपर्क देणारं पान असतं. तिथल्या नंबरवर फोन करून ही ऑफर तुम्हीच दिलीत का, असं विचारा. ऑफर लेटरवरच्या नंबरावर करू नका, तो एजंटचाच माणूस उचलतो. शिक्षण नको, भाषा नको, गोदामात खोकी भरा आणि कायमचे राहा, अशी ऑफर असेल तर फोनचीही गरज नाही.

पैसे गेले असले तरी तो कागद व्हिसाच्या अर्जाला जोडू नका. बनावट कागद दिल्याची नोंद एजंटच्या नाही, तुमच्या नावावर होते. व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोयही 1 जुलै 2025 पासून बंद झाली आहे. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय.