चाओ आणि चंद्रा वेधशाळेचा खुला साठा: दीर्घिकांच्या छोट्या गटांसाठी कितपत कामाचे?

ठाणे-नवी मुंबईत दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले तर आठ महिने दिव्यांचा झगमगाट आणि चार महिने पाऊस. क्ष-किरणांच्या कामाला ही अडचण नाही. ते किरण वातावरणातच अडतात, म्हणून निरीक्षण उपग्रह करतो आणि आपल्या हाती फाइल येते. १९९९ पासून फिरणाऱ्या चंद्रा वेधशाळेचा खुला साठा आणि तो हाताळायचे चाओ हे पॅकेज, दोन्ही फुकट. वाशी, नेरुळ किंवा ठाण्यात एमएस्सी करणाऱ्यांनी दीर्घिकागटांतला तप्त वायू हा विषय एका सत्राच्या प्रकल्पासाठी घेतला तर हे साधन पुरते. मात्र त्याची डिफॉल्ट मूल्ये या विषयाला बेतलेली नाहीत.

चाओ लिनक्स आणि मॅकवर थेट चालते. विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लागते. तिथे डेटा सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर प्रत्येक पायरी रांगते. कोंडा या इन्स्टॉलरने बसवताना ब्लँक-स्कायच्या, म्हणजे रिकाम्या आकाशाच्या बॅकग्राउंडच्या फाइल्स आपोआप येत नाहीत, त्या वेगळ्या मागवाव्या लागतात. नंतर हमखास लागतात, तेव्हा एकदाच उतरवून घ्या.

लक्ष्य निवडताना निरीक्षणाचे साल आधी बघा. कॅमेऱ्यापुढच्या गाळणीवर वर्षानुवर्षे मळ साचत गेला आहे आणि तो नेमके १ केईव्हीच्या (किरणांची ऊर्जा आणि वायूचे तापमान, दोन्ही याच एककात मोजतात) खालचे किरण खातो. गटांतला वायू साधारण ०.३ ते २ केईव्हीचा (१ केईव्ही म्हणजे सुमारे १.१६ कोटी केल्विन), आणि त्याचा बहुतेक प्रकाश ०.७ ते १.२ केईव्हीमधल्या लोहाच्या एल-रेषांच्या (लोहाच्या अणूंतून ठरावीक ऊर्जांना निघणाऱ्या किरणांच्या) उंचवट्यातून येतो. म्हणजे नव्या निरीक्षणात मालच कमी. फार जुनेही सरळ नाही: एचसीजी ६२ या चार दीर्घिकांच्या गटाचे सुमारे ४९ हजार सेकंदांचे निरीक्षण जानेवारी २००० मधले, कॅमेरा उणे ११० अंशांवर असतानाचे. त्याच महिन्याच्या शेवटी तो उणे १२० वर नेला. त्या आधीच्या डेटाला काही दुरुस्त्या लावता येत नाहीत, आणि डेटावर नव्याने प्रक्रिया करणारी चाओची चंद्रा-रिप्रो स्क्रिप्ट ते फारसे बोंबलून सांगत नाही, लॉग वाचा. याच गटाची २००९ ची निरीक्षणेही साठ्यात आहेत, ती शेजारी ठेवून तपासता येते.

चंद्रा-रिप्रो एका ओळीत चालते. कॅमेऱ्याच्या व्हीफेंट (व्हेरी फेंट) मोडचा डेटा असेल तर चेक-व्हीएफ-पीएचए हा पर्याय हाताने ‘यस’ करा, डिफॉल्ट ‘नो’ आहे. कॅमेऱ्याची एस३ चिप पाठीमागून प्रकाशित, म्हणून कणांच्या उद्रेकांना जास्त बळी पडते. तिचा प्रकाशवक्र २.५ ते ७ केईव्हीमध्ये काढून उद्रेकांचा वेळ वगळणारे डीफ्लेअर लावा. स्रोत शोधणारे वेवडिटेक्ट गटाचा तेजस्वी गाभाही बिंदुस्रोत समजून यादीत घालते. यादी डीएस९ या प्रतिमा बघायच्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी पाहून तो खोडला नाही, तर प्रतिमेच्या मधोमध भोक पडते आणि ते वायूतली खरी पोकळी म्हणून मिरवले जाते.

खरी फसगत बॅकग्राउंडमध्ये. एस३ ची बाजू ८.३ कलामिनिटे. एनजीसी ५८१३ सारख्या सुमारे ३२ मेगापार्सेकवरच्या गटात ती जेमतेम ७७ किलोपार्सेक भरते. वायू त्याहून लांब पसरलेला, म्हणजे चिपचा कोपराही गटाच्याच आत. तो कोपरा बॅकग्राउंड म्हणून वजा केला की गटातूनच गट वजा होतो, आणि बाहेरचे तापमान व घनता दोन्ही बिघडतात. ब्लँकस्काय स्क्रिप्ट ९ ते १२ केईव्हीचे कण मोजून जुळवणी करते, ती कणांपुरती ठीक. आपल्याच आकाशगंगेचा मऊ प्रकाश दिशेगणिक बदलतो, तो तिला कळत नाही. तो स्वतंत्र मॉडेलने फिटमध्येच (वर्णपटाला मॉडेल जुळवताना) घालावा लागतो.

चाओमधल्या शेर्पा या साधनातल्या फिटवर सर्वांत जास्त वेळ द्या. एकाच तापमानाचे एपेक (तप्त वायूच्या वर्णपटाचे) मॉडेल एचसीजी ६२ ला लावले की १ केईव्हीच्या दोन्ही बाजूंना उरलेली बाकी लाटेसारखी दिसते. कारण वायू एकजात नाही, साधारण ०.७ ते १.४ केईव्हीचे थर एकत्र आहेत आणि त्यांचा मिळून उंचवटा पसरट होतो. एकटे मॉडेल तो पसरटपणा आणायला लोह घटवते, आणि प्रकल्पात ‘गटांत धातू कमी’ असा खोटा निष्कर्ष जातो. दोन एपेक घ्या, लोहाचे प्रमाण दोन्हींत बांधून ठेवा. गाभ्यात न सुटलेल्या क्ष-किरण जोडताऱ्यांसाठी ७.३ केईव्हीचे ब्रेम्सस्ट्रालुंग मॉडेलही जोडा. मूलद्रव्यांचा तक्ता डिफॉल्टने १९८९ चा अँगर असतो, त्यातले सूर्याच्या ०.४ पट लोह नव्या एएसपीएल तक्त्यात ०.५९ होते, तेव्हा कुणाशी तुलना करताना तक्ता लिहा. सांख्यिकीही काय-गेरेल्स सोडून सी-स्टॅट किंवा डब्ल्यू-स्टॅटवर न्या. नवा फोल्डर उघडला की साधनांची मूल्ये डिफॉल्टवर आणणारे पनलर्न मारा, मागची मूल्ये गुपचूप चिकटून राहतात.

पर्याय म्हणून युरोपच्या एक्सएमएम या क्ष-किरण उपग्रहाचे क्षेत्र मोठे, पण चंद्राची अर्ध्या कलासेकंदाची धार त्यात नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडलेली अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची मऊ क्ष-किरण दुर्बीण घरची असली तरी तिचा ठिपका दोनेक कलामिनिटांचा. एचसीजी ६२ च्या चारही दीर्घिका आणि पोकळ्या त्यात एकजीव होतात.

चाओला ५ पैकी ४. अर्धा गुण डिफॉल्ट मूल्यांसाठी कापला, अर्धा विंडोजच्या वळशासाठी.