उभं-आडवं करून दे, म्हणाल्या काकू

सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्या काकूंचा फराळाचा व्यवसाय आहे. चकली, कडबोळी, अनारसे. वेबसाइटवरून बाहेरगावीही जातं. त्या वेबसाइटचं गुगल ॲनालिटिक्स (साइटवर कोण कुठून येतं ते मोजणारी गुगलची सेवा) मी बघते. गणपती उठले आणि काकूंचा फोन आला, "अगं, कुठल्या गावातून किती माणसं येतात, फोनवरून की कॉम्प्युटरवरून, ते मला वहीसारखं उभं-आडवं करून दे. दर सोमवारी."

दर सोमवारी म्हटल्यावर हाताने करणं गेलं. कोथरूडला घरी बसून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून ॲनालिटिक्सच्या डेटा एपीआयमधलं (एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रामने परस्पर आकडे मागवायची सोय) 'रन पिव्हट रिपोर्ट' वापरायला घेतलं. तीन महिने झाले, म्हणून हा अभिप्राय.

आधी वेळ वसूल कुठे होतो ते सांगते. (पैशांचा प्रश्न नाही, एपीआय फुकट आहे.) साधा रिपोर्ट मागवला आणि ३० ओळींची मर्यादा घातली, तर गाव आणि उपकरण अशा जोड्या सेशन्सच्या, म्हणजे भेटींच्या, उतरत्या क्रमाने येतात आणि तिसाव्या ओळीला कात्री लागते. मग साताऱ्याचा मोबाइल यादीत, डेस्कटॉप बाहेर. अर्धवट साताऱ्याचं काकूंनी काय करायचं? पिव्हट रिपोर्टमध्ये गावाचा एक पिव्हट (म्हणजे तक्त्याची एक बाजू), उपकरणाचा दुसरा. प्रत्येकाची मर्यादा वेगळी, क्रमही वेगळा. गावाला १०, उपकरणाला ३ दिले की वरची दहा गावं आपापल्या उपकरणांसकट हजर. शिवाय 'फक्त मोबाइलच्या आकड्यावरून गावं लाव' असंही सांगता येतं. मला यातलं सर्वांत आवडलेलं हेच.

ही मर्यादा मात्र प्रत्येक पिव्हटला द्यावीच लागते आणि सगळ्या मर्यादांचा गुणाकार २,५०,००० च्या पुढे चालत नाही. मी सवयीने दोन्हीकडे १,००० टाकले. गुणाकार दहा लाख, विनंती परत. प्रत्यक्षात ओळी चाळीस येणार असोत, हिशोब मागणीचा होतो. लग्नात पानं किती उठतील यापेक्षा ताटं किती मांडली ते मोजावं, तसं.

दुसरा गोंधळ माझाच. डायमेन्शन (गाव, उपकरण, देश, असं ज्यावरून आकडे विभागायचे ते) दोनदा लिहायचं असतं: एकदा विनंतीच्या वरच्या यादीत, एकदा पिव्हटच्या 'फील्ड नेम्स'मध्ये. मी देश फक्त वर लिहिला, भारताचा फिल्टर लावला आणि उत्तरात देशाचा रकाना का नाही म्हणून तासभर डोकं खाजवलं. पिव्हटमध्ये नाव नसेल तर ते डायमेन्शन फिल्टरपुरतं वापरता येतं, दिसत नाही. कळल्यावर सोयीचं वाटलं.

आणि नावात पिव्हट असलं तरी तयार तक्ता मिळत नाही. येतात त्या सपाट ओळी: पुणे, मोबाइल, अमुक. रकान्यांची शीर्षकं वेगळी, बेरीज मागितली तर तीही वेगळ्या यादीत. उभं-आडवं आपणच मांडायचं. जी जोडी घडलीच नाही तिची ओळ येत नाही, तिथे शून्य आपण भरायचं. आकडेसुद्धा अक्षरं म्हणून येतात. पहिल्या सोमवारी मी ते तसेच क्रमाने लावले आणि ४१२ च्या वर ९८ बसले. काकूंनी पाच मिनिटांत पकडलं. "आणि हे नॉट सेट गाव कुठे आलं गं? पार्सल किती पडेल तिथलं?" ज्या भेटींचं गाव ॲनालिटिक्सला कळत नाही त्या तिथे जमा होतात, हे समजावायला चहाचे दोन कप लागले.

पाचपैकी चार तारे. एकाच डायमेन्शनची यादी हवी असेल तर साधा रिपोर्टच मागवा, इकडे फिरकू नका.

परवा काकू म्हणाल्या, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस शेजारी शेजारी हवेत. दोन तारखांचे पल्ले एकाच विनंतीत देता येतात, फक्त 'डेट रेंज' हे नाव एखाद्या पिव्हटमध्ये घालायला हवं. त्याचा वेगळा पिव्हट केला तर गुणाकारात आणखी एक आकडा. आज रात्री बसते.