पद्मिनीला मारुती ८०० ची वायपर मोटर, पावसाळाभर वापरून

माझी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट) आहे, ओरिजिनल वायपर म्हणजे नुसती शोभा, एकच स्पीड आणि घाटात जोराचा पाऊस आला की मोटर धापा टाकायची. शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मारुती ८०० ची जुनी मोटर उचलली (पद्मिनी पण कुर्ल्यातच बनलेली, म्हणजे माहेरचंच सामान म्हणा 😄) आणि आमच्या इथल्या गॅरेजवाल्या काकांकडे दिली.

काकांचं काम एक नंबर. काचेखालचे स्पिंडल (ज्या दांड्यांवर वायपर फिरतात ते) जुनेच ठेवले, फक्त मोटरसाठी पट्टीचं ब्रॅकेट वेल्ड केलं आणि क्रँकची (मोटरवरच्या फिरत्या पट्टीची) लांबी दोनदा कमीजास्त करून बसवली, कारण ती जरा जरी जास्त झाली ना तर ब्लेड काचेच्या रबरावर जाऊन आपटतं. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या त्यामुळे तिथे टेन्शन नाही, पण जुन्या स्विचवर लोड नको म्हणून रिले (मोटरचा करंट स्वतःवर घेणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) टाकायलाच लावा. आता दोन स्पीड मिळतात आणि स्विच बंद केला की वायपर आपोआप खाली येऊन थांबतो, आधी कुठेही मधेच अडकायचा.

तक्रार एकच, वायरिंग. पहिल्या दिवशी पार्किंगची वायर (बंद केल्यावर वायपर खाली आणून थांबवणारी) उलटी जोडली होती, बंद केलं तरी वायपर चालूच, शेवटी फ्यूज काढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पैसे न घेता नीट करून दिलं पण. आवाज थोडा वाढलाय, मला चालतं.

पाचपैकी साडेचार.