मायक्रोटिक आरबी५००९: दोन लाइन, दोन साइट आणि अर्धमेल्या फायबरची परीक्षा

हेड ऑफिस अंधेरीत, शाखा पुणे, नाशिक, कोल्हापूरला आणि डीआर साइट (मुख्य ठिकाण बंद पडले तर काम उचलणारी पर्यायी जागा) हैदराबादला. अशा कंपनीने प्रत्येक ठिकाणी कोणता राउटर ठेवावा? आमचे उत्तर आरबी५००९यूजी+एस+आयएन, पण एका अटीवर: जोडणाऱ्याला रूटरओएस ७ ही मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टीम नीट यायला हवी. नुसता खोक्यातून काढून लावला तर लाइन गेल्यावर तो स्वतःहून काहीच करणार नाही.

(डीआर ठाण्यात किंवा नवी मुंबईत ठेवण्याचा मोह टाळा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसोबत ही दोन्ही शहरेही अंधारात गेली होती.)

हार्डवेअरबद्दल तक्रार नाही. ७ गिगाबिट पोर्ट, एक २.५ गिगाबिटचे, एक एसएफपी+ (फायबर मॉड्यूलचे पोर्ट), १ जीबी रॅम, पंखा नाही. खरी जमेची बाजू म्हणजे वीज घेण्याच्या तीन वाटा: अडॅप्टर, दोन तारांचा टर्मिनल आणि पहिल्या पोर्टवरून पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणारी वीज. अडॅप्टर एका यूपीएसवर आणि पीओई स्विच दुसऱ्यावर ठेवला की एक यूपीएस बसला तरी राउटर चालू राहतो. मात्र फायबरचा ओएनटी (सेवा देणाऱ्याने बसवलेला फायबर मोडेम) बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या साध्या प्लगला असतो. वीज गेली की राउटर जिवंत आणि लाइन मेलेली. ओएनटीही यूपीएसवर घ्या.

आता मुख्य दुखणे. राउटर आणि ओएनटीमधली केबल तुटते तेव्हा दोन लाइनसाठी लावलेला कोणताही राउटर दुसऱ्या लाइनवर जातो. रस्त्याच्या खणकामात पुढची फायबर तुटते तेव्हा मात्र ओएनटीकडचे पोर्ट चालूच दिसते. कधी सेवा देणाऱ्याचा गेटवे (त्याच्याकडचा पहिला राउटर) पिंगलाही उत्तर देतो आणि त्याच्या पलीकडे सगळे बंद असते. नुसता गेटवे तपासणारा चेक-गेटवे इथे फसतो. उपाय रिकर्सिव्ह रूटचा, म्हणजे गेटवेऐवजी इंटरनेटवरचा दूरचा पत्ता तपासून मार्ग ठरवण्याचा: ८.८.८.८ साठी पहिल्या लाइनच्या गेटवेमार्फत स्कोप १० चा रूट टाका आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे ८.८.८.८, टार्गेट-स्कोप ११, चेक-गेटवे पिंग असा ठेवा. दुसऱ्या लाइनसाठी वेगळा पत्ता आणि जास्त डिस्टन्स (कमी डिस्टन्सच्या मार्गाला पहिली पसंती मिळते). तपासणी दर १० सेकंदांनी होते आणि दोनदा उत्तर चुकले की रूट पडतो, म्हणजे साधारण २० सेकंद धरा. आवृत्ती ६ मधली जुनी कॉन्फिग जशीच्या तशी उचलली तर टार्गेट-स्कोपपाशी अडते. आणि जो पत्ता तपासणीला बांधला तो शाखेतल्या संगणकांना डीएनएस म्हणून देऊ नका. पहिली लाइन गेली की तो पत्ताही जातो आणि इंटरनेट असूनही साइट उघडत नाहीत.

शाखा ते हेड ऑफिस वायरगार्ड हा व्हीपीएन उत्तम चालतो, पण त्याचा एकच टनेल दोन लाइनवर फिरवण्याचा घाट घालू नका. लाइन बदलली तरी कनेक्शन टेबलमधली जुनी नोंद दर २५ सेकंदांनी जाणाऱ्या कीपअलाइव्ह पॅकेटमुळे जिवंत राहते आणि टनेल जुन्याच पत्त्याला चिकटतो. त्याऐवजी अंधेरीत दोन आरबी५००९ ठेवा, एकेका स्टॅटिक आयपीच्या लाइनवर एकेक. शाखेतून दोघांकडे आणि हैदराबादकडे वेगवेगळे टनेल काढा, प्रत्येकाचा मार्ग विशिष्ट लाइनला बांधा आणि सगळ्यांवर ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना चालू मार्ग कळवण्याची पद्धत) चालवा. प्रत्येक टनेलला स्वतंत्र इंटरफेस, ओएसपीएफचा प्रकार पीटीपी (पॉइंट-टू-पॉइंट), वायरगार्डच्या अलाउड-ॲड्रेसमध्ये ओएसपीएफचा २२४.०.०.५ हा पत्ता हवाच, तो विसरला की शेजारी राउटर जुळतच नाहीत. हॅलो (शेजाऱ्याला हाक) १० आणि डेड (शेजारी गेला असे धरण्याची मुदत) ४० सेकंद हे मूळ आकडे आहेत, दोन्ही बाजूंना सारखे कमी करा. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) लाइनवर टनेल आयपीव्ही६ वरून जात असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४२० ऐवजी १४१२ ठेवा. नाहीतर पिंग चालते, मोठी फाइल अडकते.

शाखेत तिसरी लाइन म्हणून ४जी सिम चालेल. त्यावर सहसा सीजीनॅट असतो (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून जोडणी येत नाही), म्हणून टनेल शाखेनेच सुरू करायचा.

अंधेरीतल्या दोन राउटरमध्ये व्हीआरआरपी लावा (दोघांचा एक सामाईक पत्ता, तो मास्टर सांभाळतो आणि मास्टर पडला की दुसरा घेतो), पण तो फक्त लॅनची, म्हणजे ऑफिसच्या आतली बाजू पाहतो. मास्टरची बाहेरची लाइन मेली तरी तो मास्टरच राहतो. म्हणून दोघांमध्येही ओएसपीएफ हवा, शिवाय एकमेकांकडे जाणारा जास्त डिस्टन्सचा डिफॉल्ट रूट. डेटाबेस मात्र हैदराबादवर आपोआप वळवू नका. मधला दुवा तुटला की दोन्ही साइट स्वतःला मुख्य समजतात आणि दोन्हीकडे नोंदी पडतात. त्या पुन्हा जुळवणे महाकठीण. मार्ग आपोआप बदलू द्या, डेटाबेसचा निर्णय माणसाने घ्यावा.

चाचणी घेताना पोर्ट डिसेबल करू नका. ओएनटीमधून हिरव्या टोकाची फायबर काढा, तेव्हाच अर्धमेली लाइन खरी तपासली जाते.

बटणे दाबून सगळे जमावे आणि अडल्यावर फोनवर कोणीतरी सोडवावे, अशी अपेक्षा असेल तर हा राउटर घेऊ नका. घेतलात तर एक जादाचा कपाटात ठेवा आणि कॉन्फिग मजकूर स्वरूपात एक्सपोर्ट करताना शो-सेन्सिटिव्ह लावा. आवृत्ती ७ त्याशिवाय वायरगार्डच्या खासगी किल्ल्या फाइलमध्ये लिहीत नाही, आणि हे राउटर जळाल्यावर कळून उपयोग नसतो.