फूरिए आधी की वेव्हलेट? हृदयाच्या लयीपासून शिकायला बसलेल्यांसाठी

फिजिऑलॉजी किंवा बायोमेडिकलमधून टाइम सिरीजकडे, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या मोजमापांकडे वळलेल्या बहुतेकांना हा प्रश्न पडतो: त्यातल्या लयी शोधायला आधी फूरिएवर उभी असलेली वेल्चची पद्धत शिकावी, की कोणती लय कधी होती हेही दाखवणारी वेव्हलेट? हाताशी वेळ थोडा असतो, आणि वेव्हलेटचे रंगीत नकाशे पाहिले की वेल्चचा साधा आलेख जुनाट वाटू लागतो. माझं मत आधीच सांगते: आधी वेल्च, आणि तेही नीट. पण वेव्हलेटची गरज कुठे पडते हे कळल्याशिवाय या मताला काही अर्थ नाही, म्हणून दोन्ही पद्धती एकाच रेकॉर्डिंगवर लावून बघू.

ईसीजी लावून पाच मिनिटं शांत बसा. पहिली अडीच मिनिटं मिनिटाला १५ श्वास, पुढची अडीच मिनिटं मिनिटाला ६. श्वास घेताना हृदयगती थोडी वाढते, सोडताना उतरते. त्यामुळे आर-आर अंतरांच्या (एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतच्या वेळेच्या) आलेखात श्वास डोळ्यांनीच दिसतो: आधी दाट, बारीक लाटा आणि मग संथ, मोठ्या. हा आलेख आधी कागदावर काढून लाटा मोजा. हे काम कुणीही टाळू नये.

आता वेल्च. १९६७ सालची ही पद्धत सिग्नलचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडते, प्रत्येकाचा फूरिए स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेची लय किती जोरात आहे याचा आलेख) काढते आणि त्यांची सरासरी घेते. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन शिखरं येतील, ०.२५ हर्ट्झला आणि ०.१ हर्ट्झला. दोन्ही बरोबर आहेत. पण कोणती लय आधी होती आणि कोणती नंतर, हे त्या आलेखात कुठेच नाही. फक्त आलेख हाती आलेला माणूस म्हणेल की दोन्ही लयी पाचही मिनिटं सोबत चालल्या होत्या. मॉर्ले नावाच्या वेव्हलेटच्या नकाशात वेळ आणि वारंवारता दोन्ही असतात; तिथे मात्र ०.२५चा पट्टा मध्यावर संपतो आणि तिथूनच ०.१चा सुरू होतो.

मग थेट वेव्हलेटच का नाही? मी तेच केलं होतं आणि त्यात बराच काळ गेला. नकाशे काढता येत होते, पण त्यातला कोणता भाग खरा हे सांगता येत नव्हतं. वेव्हलेटला प्रत्येक लयीच्या काही लाटा आजूबाजूला लागतात आणि रेकॉर्डिंगच्या टोकांना त्या मिळत नाहीत. ०.०४ हर्ट्झची एक लाट २५ सेकंदांची. नेहमीच्या मॉर्ले वेव्हलेटने तिथे दोन्ही टोकांची साधारण ३४-३४ सेकंदं भरवशाची राहत नाहीत. पाच मिनिटांतलं एक मिनिटाहून जास्त तिथेच गेलं! आपण किती वेळ पाहिलं यावर किती बारीक वारंवारता दिसेल हे ठरतं, ही गोष्ट वेल्च शिकताना हातात बसते. ती बसली की वेव्हलेट अवघड राहत नाही.

वेल्चमध्येही फसायला होतं. सायपायमध्ये (पायथनच्या गणिती लायब्ररीत) तुकड्याची लांबी सांगितली नाही तर ते २५६ नमुने धरतं. आर-आर मालिका ४ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला समान अंतरावरच्या चार नमुन्यांवर आणली असेल तर हा तुकडा झाला ६४ सेकंदांचा, आणि आलेखातल्या दोन बिंदूंमधलं अंतर ०.०१५६ हर्ट्झ. म्हणजे हृदयगतीतल्या चढउतारांचे निकष ठरवणाऱ्या १९९६च्या टास्क फोर्सने ठरवलेल्या ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ या एलएफ (लो फ्रीक्वेन्सी) पट्ट्यात जेमतेम सात बिंदू. लांबी स्वतः द्या, आणि ती का दिली हे वहीत लिहा.

ठोके समान अंतराने पडत नाहीत, म्हणून ४ हर्ट्झवर आणताना मधल्या किमती आपणच भरतो. ते नको असेल तर असमान अंतरावरच्या नमुन्यांवर थेट चालणारी लोम्ब-स्कार्गल आहे. खगोलशास्त्रातल्या तुटक निरीक्षणांमुळे पुढे आलेली ही पद्धत शिकायला फार वेळ लागत नाही. फक्त सायपायमधलं तिचं फंक्शन कोनीय वारंवारता (हर्ट्झ गुणिले २π) मागतं. हर्ट्झमधल्या ०.०४ ते ०.४ या संख्या तशाच दिल्यात, तर प्रत्यक्षात ०.००६४ ते ०.०६४ हर्ट्झ तपासलं जातं आणि श्वासाचं शिखर सापडतच नाही.

मॅटलॅब की पायथन, यावर फार विचार नको. संस्थेकडे लायसन्स असेल आणि शेजारी विचारायला कुणी असेल तर मॅटलॅब, नाहीतर पायथन.

ज्यांचा प्रश्न मुळातच ‘कधी’ असा आहे, त्यांनी माझा क्रम मोडावा. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदीत डोळे मिटताच ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय किती लवकर उभी राहते हे पाहायचं असेल, तर वेव्हलेट पहिल्या महिन्यातच घ्या. प्राणायामावर काम करणाऱ्यांनी मात्र दोन्ही शिकावं. मिनिटाला ६ श्वास घेतले की श्वासाची लय ०.१ हर्ट्झवर, म्हणजे एलएफ पट्ट्यात येते. एलएफ वाढलेलं पाहून ‘सिम्पथेटिक (हृदयगती वाढवणाऱ्या नसांचं काम) वाढलं’ असं लिहिणं तिथे साफ चूक आहे. ती लय बहुतांशी हृदयगती कमी करणाऱ्या व्हेगस नसेतून आलेली असते, आणि श्वासाची नोंद सोबत नसेल तर दोन्हीपैकी कोणतीही पद्धत हे सांगणार नाही.

सरावासाठी फिजिओनेट या संकेतस्थळावरचा एमआयटी-बीआयएच हा ईसीजी नोंदींचा संग्रह मोफत मिळतो. त्यात ३६० हर्ट्झच्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. १०० क्रमांकाची घ्या. तिच्यात अधूनमधून अकाली ठोके आहेत. ते न काढता वेल्च लावलं तर त्यांची ऊर्जा सगळ्या पट्ट्यांत पसरते आणि आलेख सरसकट वर उचलला जातो. वेव्हलेटच्या नकाशात नेमक्या त्या क्षणी उभी रेघ उमटते. तिच्यावरून मूळ ईसीजीत मागे जा आणि तो ठोका शोधून काढा.