नाटक, तमाशा, नौटंकी की आकांडतांडव?

लग्नाच्या पंगतीत वरपक्षाकडचे एक काका आमटी गार असल्याचे निमित्त करून ताट पुढे सारतात, उपरण्याला सावकाश हात पुसतात आणि ‘आता इथे पाणीसुद्धा घेणार नाही’ असे मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगून उठतात. हा प्रसंग लिहिताना काकांनी नाटक केले, तमाशा केला, नौटंकी केली की आकांडतांडव केले, हे ठरवावे लागते. चारही शब्दांचे नाते रंगमंचाशी किंवा नाचाशी जोडलेले असले, तरी ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

‘नाटक’ हा संस्कृत ‘नट्’ धातूपासून आलेला शब्द असून नाट्यशास्त्रात ते दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, एक आहे. निंदेच्या अर्थाने तो बहुधा अनेकवचनात येतो आणि भावना खरी नाही, हे त्यात गृहीत असते. शाळेच्या वेळेलाच पोट दुखणाऱ्या मुलाला आई ‘नाटके पुरे’ म्हणते, तेव्हा त्यात राग कमी आणि ओळख जास्त असते.

‘तमाशा’ची गोष्ट वेगळी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एकत्र चालणे असा. फारसीत त्याला फेरफटका, पाहणे आणि देखावा असे अर्थ मिळाले व तिथून तो मराठीत आला. म्हणूनच त्याचा भर करणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांवर आहे. बंद खोलीत भांडण होते. दार उघडून शेजारी डोकावले की त्याचा तमाशा होतो, मग भावना खरी असो वा खोटी. गण, गवळण, बतावणी, वग अशा शिस्तीने रंगणाऱ्या कलेचे नाव गोंधळाला दिलेले काहींना खटकते, आणि ते रास्तच आहे. मात्र ‘देखावा’ हा फारसी अर्थ ध्यानात घेतला, तर या वापराचे खापर कलेवर फोडण्याचे कारण उरत नाही.

‘नौटंकी’ ही हाथरस आणि कानपूरकडची, नगाऱ्याच्या तालावर चालणारी लोकनाट्यपरंपरा. तिचे नाव एका लोककथेतील राजकन्येवरून पडल्याचे सांगतात; ती म्हणे इतकी नाजूक, की तिचे वजन अवघे नऊ टंक, म्हणजे मूठभर फुलांइतके भरे. मराठीत हा शब्द हिंदीतून आला आणि राजकीय आरोपांत स्थिरावला. ‘नाटक’ या शब्दापेक्षा त्यात तुच्छता तेवढी अधिक आहे, त्यामुळे तो पात्राच्या तोंडी शोभतो. निवेदनात मी तो टाळतो.

‘आकांडतांडव’ मात्र खऱ्या रागासाठी राखून ठेवावे. संस्कृत ‘अकांड’ म्हणजे अवेळी, अचानक. त्याला तांडव जोडले की राग खरा, पण वेळ आणि प्रमाण चुकलेले, असा अर्थ होतो. ‘अकांडतांडव’ हे रूपही त्यामुळेच आढळते.

काका पंगतीला स्वतःच उशिरा बसले असतील, तर रंगमंच सोडून सरळ ‘कांगावा’ म्हणावे. तसे नसेल, तर सावकाश पुसलेले ते हात पाहून मी ‘नाटक’ लिहीन. तोच प्रसंग वधूपित्याच्या तोंडून सांगायचा असेल, तर ‘भर मांडवात तमाशा केला’ असेच लिहावे लागेल.